नाकेदाराचा ताप

ज्यांना रोज संध्याकाळी ताप चढतो आणि सकाळी डॉक्टरांच्या पुढ्यात बसल्यावर उतरलेला असतो, अशांसाठी मी हे लिहितो आहे. तुमच्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझ्यावरही बसला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मीही कुणावर विश्वास ठेवला नव्हता, तेव्हा फिट्टंफाट झाली.

माझी नोकरी जकात नाक्यावरची. कसबा बावड्याच्या बाजूने शहरात येणारी प्रत्येक गाडी आमच्या दांडीपाशी थांबायची आणि गोणपाटाखाली काय आहे ते मी बघायचो. गाडीवान "भुसा हाय" म्हणाला की मी भुशात हात घालायचो. बहुतेक वेळा भुसाच असायचा. पण एखाद्या वेळी भुशाखाली तुपाचे डबे निघत, आणि त्या एका वेळेपायी उरलेल्या सगळ्यांवर संशय घ्यायची मला सवय लागली. सवय नोकरीपुरती राहिली असती तर बरं होतं. ती माझ्याबरोबर घरी यायची, जेवायला बसायची. भाजीवालीच्या तराजूखाली मी वाकून बघायचो. माझी बायको सुमन म्हणायची, "तुम्ही देवळातला परसाद बी हुंगून खातासा."

ही गोष्ट सत्तर सालानंतरची, आमच्या गल्लीत गॅस यायच्या आधीची. घरात आम्ही दोघंच. आधी एक मूल पोटात असतानाच, तिसऱ्या महिन्यात, गेलं होतं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुमनला दिवस गेले होते आणि या खेपेला चौथा महिना सुरळीत लागला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी भीती या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

सकाळी बरा, संध्याकाळी आडवा

ताप पहिल्यांदा आला तेव्हा तो ताप आहे हेच मला कळलं नाही. नाक्यावर बसल्या बसल्या कंबर धरली. वाटलं, गोण्या उपसून धरली असेल. घरी पोचेपर्यंत हुडहुडी भरली, झोपेत घामाने गादी भिजली आणि सकाळी मी टुणटुणीत. अंघोळ केली, पोहे खाल्ले, कामावर गेलो. संध्याकाळी पुन्हा तेच. असं काही दिवस चाललं, मग ताप आपला आपण गेला, मी सुटकेचा श्वास सोडला आणि तो परत आला. या वेळी गुडघेही दुखायला लागले. जिना चढायचा म्हटलं की मी आधी जिन्याकडे बघून घ्यायचो.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे मी सकाळचा जायचो, कारण संध्याकाळी चालवतच नसे. ते थर्मामीटर जिभेखाली ठेवायचे, उजेडाला धरून बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे.

"ताप नाही."

"रात्री होता."

"रात्री मी नव्हतो."

आधी टायफॉइडचं औषध झालं, मग हिवतापाचं. कशाचाही उपयोग होईना तेव्हा एक दिवस त्यांनी सुमनला बाजूला बोलावून विचारलं, "घरात काही कटकट आहे का? मनाला काही लावून घेतात का हे?" मला दाराआडून सगळं ऐकू आलं. त्या दिवसापासून त्यांच्यावरचा माझा विश्वास उडाला. म्हणजे होता तेवढा उडाला.

रजा वाढल्यावर साहेबांनी नाक्यावरचा शिपाई शंकर याला चौकशीला धाडलं. तो आला सकाळी. मी पाटावर बसून पोहे खात होतो.

"नाकेदार, तुम्ही तर झ्याक दिसालासा की," तो म्हणाला.

"संध्याकाळी ये म्हणजे कळंल."

"संध्याकाळी माझी सुट्टी असती." मग जरा घुटमळून म्हणाला, "साहेब इचारत्यात, ताप जर रातच्याला येतोय, तर रजा दिवसा कशाला पायजे?"

आयुष्यभर मी लोकांच्या गोण्या उघडून बघितल्या होत्या. आता माझीच गोणी दांडीपाशी अडवून ठेवलेली होती आणि मी "भुसाच हाय वो" म्हणून ओरडत होतो. राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली.

संशयितांची रांग

तापात माणूस पडल्या पडल्या विचार करतो. माझे विचार एकाच वळणाने जात: हे मला कुणी केलं?

एका ट्रक ड्रायव्हरचा माल मी अडवला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने हसत हसत मला चहा पाजला होता. अडवलेला माणूस हसतो कशाला? नाक्यावरच्या माठातलं पाणी कोण भरतं, याचाही मी विचार केला. गल्लीतल्या एका म्हातारीने तर "करणी हाय, उतरून टाका" म्हणून लिंबं आणून दिली. करणीवर माझा विश्वास नव्हता, पण लिंबं तिने फुकट का दिली, हे कोडं मला सुटेना.

आणि या रांगेत शेवटी, पण सगळ्यांत पक्की, सुमन होती. तिचं कारण दूध.

घरी पूर्वी दुधाचा रतीब होता. रतीबवाला पाणी घालतो असा माझा संशय होता. सुमनला दिवस गेल्यावर मी रतीबच बंद केला. आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढतात. पेल्यावर फेस येतो आणि तो पेला तिथेच उभ्याने प्यायचा. कोल्हापुरात पैलवानापासून वकिलापर्यंत सगळे असंच पितात. मध्ये घागर नाही, पाण्याचा नळ जवळ नाही. मला यापेक्षा खात्रीचं काही सुचेना. शामू गवळ्याची म्हैस मी निवडली तीसुद्धा नीट पारखून. तिचं वय विचारलं, कितवं वेत ते विचारलं, चारा काय घालतोस ते विचारलं. शामू वैतागून म्हणाला, "नाकेदार, म्हस घ्यायची हाय का दूध?"

रोज मी एक पेला तिथे प्यायचो आणि सुमनसाठी तांब्या भरून घरी न्यायचो. उकळायचं नाही, उकळलं की दुधाचा कस जातो, ऊन आहे तोवर घटाघट प्यायचं, असा माझा हुकूम होता. ताप सुरू झाल्यावरही हुडहुडी भरायच्या आधी मी हे उरकून यायचो.

सुमन तांब्या घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि दार लोटून घ्यायची. "कुणी बघालं की मळमळतंय मला," म्हणायची. इथपर्यंत ठीक होतं. पण एक पेला दूध प्यायला एवढा वेळ? वर घरात काहीतरी करपल्याचा वास यायचा. विचारलं की म्हणायची, "शेजारचा हाय." शेजारी रोज त्याच वेळेला काय करपवतात, हे मला कळेना. ती दूध ओतून देते असं मला वाटायला लागलं. मी मोरीत वाकून बघितलं, पांढरं पाणी दिसतंय का. एकदा तर दारातून निघालेल्या मांजरामागे गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, त्याच्या तोंडाला काही लागलंय का बघायला. मांजराने मला ओळख दिली नाही.

तापाने आडवा झाल्यावर ही सगळी कोडी एकत्र झाली. ती काहीतरी लपवते आहे एवढं नक्की होतं. पण काय, आणि माझ्या तापाशी त्याचा संबंध काय, हे जुळत नव्हतं. तिच्याशी मी सरळ बोलेनासा झालो. तिने पाण्याचा तांब्या दिला तरी आधी आत डोकवायचो. तिला ते दिसायचं. ती काही बोलायची नाही, आणि न बोलण्याचाही मला संशय यायचा.

पाळत

शेवटी सुमनच्या भावाने, गडमुडशिंगीहून येऊन, मला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना वॉर्डात सगळे नुसतं 'बाई' म्हणत. माझी हकिकत त्यांनी मध्ये न बोलता ऐकली आणि म्हणाल्या, "दाखल व्हा. सकाळी ताप नसतो ना? मग आम्ही संध्याकाळी पकडू."

मला ही भाषा समजली. ही माझ्यावर ठेवलेली पाळत होती. पण पाळत ठेवणारा माणूस निदान बघतो तरी, असं म्हणून मी कॉटवर पडलो.

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. पहाटे फिनेलचा वास, मग चहाची किटली, मग बाईंची फेरी, मग दुपारी डबे घेऊन आलेले नातेवाईक. संध्याकाळी सिस्टर यायची आणि माझ्या कॉटपाशी जरा जास्त वेळ थांबायची. पहिल्याच संध्याकाळी तिने थर्मामीटर बघितला आणि म्हणाली, "आहे की हो भरपूर ताप." मला इतका आनंद झाला की काय सांगू. हुडहुडीने दात वाजत होते आणि मी हसत होतो. आजारी माणसाला औषधाच्या आधी ही एक गोष्ट लागते. कुणीतरी 'आहे' म्हणायला लागतं.

शेजारच्या कॉटवर पन्हाळ्याचे एक तात्या पोटाच्या ऑपरेशनची वाट बघत होते. दांडगा माणूस, बोलणं मोठ्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी जागा झालो तर माझ्या अंगात माझा सदरा नाही, भलताच कुणाचा तरी. पहिला विचार आला तो चोरीचा. मी तात्यांकडे रोखून बघितलं.

"बघतासा काय पावणं?" ते म्हणाले. "तुमचा सदरा घामानं चिंब झालता. गारठून मरचाल म्हणून बदलला. तुमचा त्यो बघा तिकडं वाळाय घाटलाय. ह्यो माझा हाय, धुऊन द्यायचा बरं का."

मी मान डोलावली. घामाच्या त्या साऱ्या दिवसांत तात्यांचे दोन सदरे आणि माझे दोन असे चार सदरे आम्ही फिरवून वापरले.

रक्ताची साक्ष

बाईंनी बरेच प्रश्न विचारले. जनावरांत काम करता? नाही. घरी गाय, म्हैस? नाही. खाटकाकडे जाणं-येणं? नाही.

"कच्चं दूध पिता?"

"रोज," मी म्हणालो. "तेवढंच तर खात्रीचं पितो."

त्यांनी लिहिणं थांबवलं. त्याच दिवशी माझं रक्त काढून पुण्याला पाठवलं.

रक्ताचं उत्तर आलं त्या दिवशी त्या स्टूल ओढून माझ्यापाशी बसल्या. डॉक्टर उभे राहून बोलतात तोवर काळजी नसते, हे मी वॉर्डात शिकलो होतो. त्या म्हणाल्या, "याला ब्रुसेलोसिस म्हणतात. मूळ जनावरांचा आजार. कच्च्या दुधातून माणसात येतो. बरा होतो, पण चिवट आहे."

"हे रक्ताने सांगितलं?"

"हो."

"रक्ताला काय कळतंय?"

दुसरे डॉक्टर रागावले असते. बाई हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या रक्तातलं पाणी घ्यायचं आणि त्यात त्या आजाराचे मेलेले जंतू सोडायचे. रक्ताने ते जंतू कधी बघितलेच नसतील तर काही होत नाही. बघितले असतील तर रक्त त्यांना धरतं, आणि दूध फाटल्यासारख्या गुठळ्या होतात. तुमच्या नळीत झाल्या."

म्हणजे शरीर आठवण ठेवतं. ती कोण ठेवतं, असं मी विचारलं. चौकशी अर्धी सोडायची मला सवय नाही. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. रक्तात, मांसात काही पेशी अशा असतात की त्यांना कुणाचीच ओळख नसते. परका दिसला की त्या गिळतात. आधी गिळायचं, चौकशी मागाहून. मग त्या गिळलेल्याचा एक तुकडा आपल्या अंगावर बाहेर धरतात आणि दुसऱ्या जातीच्या पेशींना दाखवतात. या दुसऱ्या पेशी हुशार. त्या तो तुकडा बघून ठेवतात आणि वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

"म्हणजे आमचा नाका," मी म्हणालो. "आम्ही दांडीवर गाडी अडवायची, नमुना काढून हापिसात धाडायचा, आणि मग ती गाडी सगळ्या नाक्यांना ठाऊक."

"तसंच काहीसं," बाई म्हणाल्या. "पण या आजाराचा जंतू लबाड आहे. गिळला तरी मरत नाही. त्या गिळणाऱ्या पेशीच्या पोटातच घर करतो. म्हणून तुमचा ताप जातो आणि परत येतो."

मी ताडकन उठून बसलो. चोर नाकेदाराच्याच खोलीत मुक्कामाला! "मग असल्या पेशी ठेवायच्याच कशाला?"

"ठेवायच्या नाहीत तर आठवण कशी राहणार? तुकडा दाखवणाऱ्या त्याच. आणि नुसतं एकदा दाखवून त्यांचं काम संपत नसावं. हुशार पेशींची आठवण पुढे टिकून राहायलाही या पहिल्या फळीतल्यांचा हात लागत असावा, असं काही जण म्हणतात. नक्की अजून कुणाला माहीत नाही."

'नक्की माहीत नाही' असं म्हणणारा डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटला. त्या क्षणी माझा बाईंवर विश्वास बसला. आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

मग त्या उठता उठता म्हणाल्या, "म्हशींना हा आजार झाला की त्या गाभडतात. दिवस भरायच्या आधीच वासरू टाकतात." आणि थांबून विचारलं, "घरी आणखी कोण पितं हे दूध?"

मी बोटांवर महिने मोजले.

"बायको," मी म्हणालो. "रोज. पाचवा संपत आलाय."

बाई पुन्हा स्टुलावर बसल्या. त्यांनी काही लपवलं नाही. माणसांतही असं होऊ शकतं, म्हणाल्या. होतंच असं नाही. पण तिच्या अंगात जंतू असले तर मला द्यायच्या कॅप्सूल तिला पोटुशीपणात देता येणार नाहीत, आणि काहीच न देऊनही भागणार नाही. "उद्या त्यांना बोलावून घ्या. रक्त बघू."

त्या संध्याकाळी मला ताप किती चढला ते आठवत नाही. एकच आठवतं. तांब्या मी नेला होता. रोज, फडक्यात गुंडाळून, निवू नये म्हणून छातीशी धरून. गावभर मी गुन्हेगार शोधत होतो आणि पोटातल्या पोरापर्यंत ते दूध नेऊन पोचवणारा माणूस या कॉटवर पडला होता. मी तोंडावर चादर ओढून रडलो. तात्या म्हणाले, "रडा पावणं, लाजू नगा." मोठ्याने म्हणाले, त्यामुळे सगळ्या वॉर्डाला कळलं.

शामू भेटीला येतो

सुमनचं रक्त गेलं आणि उत्तराची वाट सुरू झाली. मला सकाळी इंजेक्शन आणि दिवसभर कॅप्सूल. इंजेक्शन इतकं दुखायचं की मी एका कुशीवरच जेवायचो.

अशातच एका दुपारी शामू गवळी आला. हातात फडक्याने झाकलेला तांब्या.

"कट्ट्यावर दिसना झालासा म्हणून बघाय आलो," तो म्हणाला. "दुपारचंच काढून आणलंय. प्या. चार दिसांत उठून बसतासा बघा."

"शामू," मी शक्य तेवढ्या शांतपणे विचारलं, "तुझी म्हस कधी गाभडलीती का रं?"

"गाभडली की. ह्या वेतालाच. सातव्यात टाकलं तिनं. पर दूध कसं धरलंय बघा. लई गुणाची हाय."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

शामूला खरोखरच नवल वाटलं. "तुम्ही इचारलं कुठं? वय इचारलासा, वेत इचारलासा, चारा इचारलासा. गाभडली का, ह्ये न्हाय इचारलासा."

त्याच्या डोळ्यांत लबाडी शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडली नाही. बाईंनी त्याला बाहेर नेऊन म्हशीला जनावरांच्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं, आणि तुझंही रक्त बघायला हवं म्हणाल्या. तेव्हा तो बिचारा घाबरला आणि तांब्या माझ्या कॉटखालीच विसरून गेला. सिस्टरने तो नाक धरून रिकामा केला.

सुमन रोज डबा घेऊन यायची. पोट आता दिसायला लागलं होतं. ती समोर बसली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. डोळे तांबडे आहेत का, कंबरेवर हात ठेवते का, घाम येतोय का. "दुखतंय का?" मी विचारायचो. "न्हाय." "खरं सांग." "न्हाय म्हणते की." मी तिचा हात हातात धरायचो, आणि तिला वाटायचं मी माया करतोय. करतही होतो. पण तेवढ्यात ताप आहे का तेही बघून घ्यायचो.

खोटं वाटणारं उत्तर

उत्तर आलं. बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "काही नाही. त्यांच्या रक्ताला हा जंतू माहीतच नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. क्षणभर झालाही. दुसऱ्या क्षणी मी म्हणालो, "नळ्या बदलल्या असतील."

"नाही बदलल्या."

"एकच म्हस, एकच धार. माझ्या रक्तात गुठळ्या आणि तिच्यात काहीच नाही? हे कसं?"

बाई पहिल्यांदाच चिडल्या. पण त्यांनी सुमनचं रक्त पुन्हा काढलं, पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच उत्तर. कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "शरीराने ज्याला बघितलंच नाही, त्याची आठवण कुठून येणार? त्या दूध प्यायल्या नसतील."

"प्यायली. रोज."

"तुमच्या समोर?"

माझ्या समोर नाही. लोटलेल्या दाराआड.

पातेलं

मला घरी सोडलं. कॅप्सूल अजून चालू होत्या. घरी आलो त्याच संध्याकाळी मी सुमनला समोर बसवलं.

"दुधाचं काय करत होतीस?"

"पीत होते."

"खरं?"

"अंबाबाईची शपथ. थेंब सांडला न्हाय."

"मग तुझ्या रक्तात कसं काय न्हाय?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "रागावचीला न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"उकळून पीत होते."

माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

"कच्च्या दुधाला म्हशीच्या अंगाचा वास येतोय वो. नाकापाशी नेलं की ढवळतंय. मग शेगडीवर ठेवायची. तुम्हाला कळू ने म्हणून घाई करायची, वारा घालायची, आणि खाली करपायचं. दार त्येच्यासाठीच लावत होते."

"मला सांगायचं न्हाईस का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही समोर बसून कच्चं पाजलं असतासा," सुमन म्हणाली.

पाजलं असतं. एक पेलाही सोडला नसता. तिच्यावर माझा जो संशय होता तो अक्षरशः खरा निघाला होता. ती दाराआड मला फसवत होती, रोज, न चुकता. आणि तिने फसवलं म्हणून ती आणि पोर दोन्ही वाचली होती.

हे सगळं समजल्यावरही माझ्या तोंडून काय निघावं? "पातेलं दाव."

तिला राग आला नाही. मला ती ओळखून होती. पिठाच्या डब्यामागून तिने एक लहानसं पातेलं काढून माझ्या हातात दिलं. बुडाला करपलेल्या दुधाचा काळा थर होता, घासून घासूनही न निघालेला. मी ते नाकाला लावलं. शेजारच्यांचा म्हणून इतके दिवस घेतलेला वास हाच होता.

मी आधी हसलो आणि मग रडायला लागलो. सुमन घाबरली. तिला वाटलं, पुन्हा चढला. तिने कपाळावर हात ठेवला, मग गळ्याला लावून बघितला. संध्याकाळ झाली होती आणि मी गार होतो.

अजून थोडं

वर्षाने बाईंनी माझं रक्त पुन्हा बघितलं, तर नळीत थोड्या गुठळ्या होत्याच. मी कागद उजेडाला धरून पुन्हा बघितला. बाई म्हणाल्या, "जंतू गेला, ओळख राहिली. अशी ओळख पुष्कळ वर्षं राहते. तुम्हाला ताप आहे का? नाही. मग रक्ताला आठवू द्या, तुम्ही विसरा." ज्यांना हा आजार झाला आहे त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, म्हणजे कागद बघून घाबरायला होणार नाही. आणि बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडू नये. मला सोडावंसं वाटलं होतं. सुमन कॅप्सूल गिळून होईपर्यंत समोर बसून राहायची आणि मग तोंड उघडायला लावायची.

कट्ट्यावर मी अजून जातो, गप्पा मारायला. दूध घरी आणतो. आमच्याकडे ते वर येईपर्यंत उकळतं.

मुलगी दिवस भरून झाली, रडली ती गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने. आता शाळेत जाते. दूध पुढे केलं की नाक मुरडते, पेला घेऊन स्वयंपाकघरात जाते आणि दार लोटून घेते. आत ती काय करते ते मला माहीत नाही. मी बघायला जात नाही.